फोन भरलाय? ॲप्स मेमरी कार्डवर कशी हलवायची आणि कोणती अजिबात हलवायची नाहीत

मामाचा फोन आला तो दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलवरून. सदाशिव पेठेत अमृततुल्यमध्ये चहा पिऊन झाला होता, पैसे द्यायला पेमेंटचं ॲप उघडलं तर ते म्हणे आधी अपडेट करा, अपडेट करायला गेला तर फोन म्हणे जागा नाही, आणि खिशात सुटे नाहीत कारण गेली चार वर्षं पाकीट घरीच असतं. चहावाला ओळखीचा, "द्या हो काका उद्या" म्हणाला म्हणून निभावलं. मामा घरी आला तो तणतणतच. "अरे ६४ जीबीचं कार्ड टाकलंय ना मी ह्यात, मग जागा नाही म्हणजे काय?"

प्रश्न बरोबर होता. कार्ड टाकलं की फोनची जागा वाढली असं आपण धरून चालतो, पण तसं आपोआप होत नाही. घरात माळा असतो ना, तसं आहे ते. माळा कितीही मोकळा असला तरी तुम्ही सामान वर चढवल्याशिवाय ओटा काही रिकामा होत नाही, आणि रोजचा चहा-साखरेचा डबा माळ्यावर ठेवला तर हाल आपलेच. मामाचं कार्ड दोन वर्षं फोनमध्ये होतं आणि त्यात काय होतं, तर काहीही नाही. चक्क रिकामं.

पुढची सगळी माहिती अँड्रॉइडची आहे. आयफोनला कार्डाची खाचच नसते, त्यामुळे त्या मंडळींनी इथेच थांबलं तरी चालेल.

आधी बघा जागा खाल्लीये कुणी

सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडा (काही फोनमध्ये हे 'बॅटरी अँड डिव्हाइस केअर'च्या आत असतं, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधात 'स्टोरेज' टाका). मामाच्या ३२ जीबीच्या फोनचा हिशोब असा निघाला: सिस्टम १३ जीबी, व्हॉट्सॲप ७, फोटो आणि व्हिडिओ ५, बाकी सगळी ॲप्स मिळून ६. झाले ३१. सिस्टमला आपण हात लावू शकत नाही, म्हणजे मुळात हातात १९ जीबीच होते आणि त्यातले १२ व्हॉट्सॲप आणि फोटोंनी खाल्लेले. लोक थेट 'ॲप कार्डवर कसं टाकायचं' इथून सुरुवात करतात, पण ज्यांनी जागा खाल्लीये त्यांना सोडून भलत्यालाच हलवत बसलात तर तासभर जाईल आणि सुटतील जेमतेम दोन-तीनशे एमबी.

म्हणून आधी व्हॉट्सॲप. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे वरच 'पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली' आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड झालेल्या' असे दोन गठ्ठे दिसतात, आणि खाली कुठल्या ग्रुपने किती खाल्लं त्याची यादी. मामाच्या यादीत सोसायटीचा ग्रुप पहिला, भजनी मंडळ दुसरं. बसून एकेक व्हिडिओ बघत बसू नका, मामा बसला होता आणि अर्ध्या तासात तीन डिलीट केले. फॉरवर्डवाला गठ्ठा नजरेखालून घाला, ओळखीचे चेहरे असलेलं काही असेल तर वाचवा, बाकी सगळं सिलेक्ट करून उडवा. मग त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे तिथे मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीकडचे व्हिडिओ बंद करा, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

व्हॉट्सॲपची अजून एक छुपी अडगळ असते ती म्हणजे रोज रात्री होणारा चॅटचा बॅकअप. फाइल मॅनेजरमध्ये इंटर्नल स्टोरेज, मग अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप, त्यात व्हॉट्सॲप आणि त्यात डेटाबेसेस असा फोल्डर आहे. त्यात गेल्या काही दिवसांच्या तारखांच्या फायली साचलेल्या असतात, प्रत्येक फाइल जवळजवळ सारख्याच आकाराची. नावात तारीख नसलेली असते ती सगळ्यात ताजी, तिला हात लावू नका, तारखा असलेल्या जुन्या काढल्या तरी चालतात. मामाच्या इथे दीड जीबी ह्यातच अडकला होता.

आणि हो, ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' अशी दोन बटणं शेजारीशेजारी असतात. कॅश म्हणजे ॲपने कामापुरती साठवलेली माहिती, ती पुसली तर काही बिघडत नाही, परत तयार होते. डेटा पुसला तर ॲप कोरं होतं, लॉगिन जातं, व्हॉट्सॲपच्या बाबतीत केलं तर बॅकअप नसलेली चॅट गेलीच म्हणून समजा. चष्मा लावूनच ते बटण दाबा.

फोटो आणि डाउनलोड कार्डवर टाका, हे सगळ्यात सोपं

ॲप हलवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आणि बिनधोक, आणि जवळपास कार्ड बसणाऱ्या सगळ्या फोनमध्ये चालतं. दोन गोष्टी करायच्या. एक, पुढचे फोटो सरळ कार्डवर जायला हवेत म्हणून कॅमेरा उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज लोकेशन' एसडी कार्ड करा. कार्ड घातल्यावर काही फोन हे आपणहून विचारतात, पण आपण घाईत 'नंतर' म्हणतो आणि ते राहूनच जातं. दोन, आधीचे फोटो फाइल मॅनेजरमधून किंवा गूगलच्या फाइल्स ॲपमधून 'मूव्ह टू एसडी कार्ड' करा. एकदम पाच जीबी उचलू नका, हजार-पाचशेच्या गठ्ठ्याने न्या आणि हे चालू असताना फोन चार्जिंगला असू द्या. मध्येच बॅटरी गेली तर अर्धे इकडे अर्धे तिकडे.

पण व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले फोटो असे उचलून कार्डवर नेले तर चॅटमध्ये त्या जागी पुसट चौकोन दिसतो आणि परत डाउनलोड कर म्हणतो, आणि जुनं असेल तर ते डाउनलोडही होत नाही. चॅटमध्ये नको असेल, फक्त फोटो हवा असेल तर खुशाल न्या.

ॲपच्या आतली डाउनलोडंसुद्धा कार्डवर जातात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स'मध्ये एसडी कार्ड वापरायचं बटण आहे, नेटफ्लिक्समध्ये डाउनलोडची जागा बदलता येते, स्पॉटिफायमध्येही स्टोरेजमध्ये आहे. गूगल मॅप्समध्ये तुमच्या फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स', तिथे वरच्या चक्रावर जाऊन 'स्टोरेज प्रेफरन्सेस'मध्ये कार्ड निवडा. राजगड-तोरण्याच्या बाजूला रेंज गायब होते तेव्हा हा नकाशा कामाला येतो आणि फोनची जागाही खात नाही. ॲप आतच, त्याचं ओझं कार्डवर. माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच होतं.

कार्ड कुठलं घ्यायचं

फोटो ठेवायला कुठलंही बऱ्यापैकी कार्ड चालतं. ॲप चालवायचं असेल तर नाही. कार्डावर गोलात १० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ते सेकंदाला किमान १० एमबी सलग लिहू शकतं. यू३ किंवा व्ही३० असेल तर ३०. पण ॲप सलग लिहीत नाही, ते शंभर ठिकाणांहून बारीक बारीक तुकडे वाचत असतं, आणि त्यासाठी वेगळी खूण आहे, ए१ आणि ए२. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. ए२चा पूर्ण फायदा घ्यायला फोनचाही तसा सपोर्ट लागतो, साध्या फोनला ए१ पुरतं. ए१ किंवा ए२ ही खूणच नसेल तर त्या कार्डवर ॲप टाकायच्या भानगडीत पडू नका, फोन म्हातारा झाल्यासारखा चालायला लागतो. ३२ जीबीच्या वरची कार्डं म्हणजे एसडीएक्ससी, ती तुमचा फोन घेतो का आणि किती जीबीपर्यंत घेतो ते खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बघून घ्या. ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ५९ च्या आसपास दिसलं तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोजवाला कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढंच.

नकली कार्ड मात्र खरंच असतं, आणि मी त्यात फसलोय. ऑनलाइन १२८ जीबीचं कार्ड अर्ध्याहून कमी किमतीत दिसलं, घेतलं, फोनमध्ये १२८ दाखवत होतं, चार महिने मस्त चाललं. मग एकदा राजगडाचे फोटो बघायला बसलो तर पाली दरवाज्यापर्यंतचे व्यवस्थित आणि बालेकिल्ल्याचा एकही धड नाही, वरची पट्टी निळं आकाश आणि खाली सगळं करडं. झालं असं होतं की कार्डात खरी जागा १६ जीबीच्या आसपास होती आणि फोनला ते १२८ आहे म्हणून खोटं सांगत होतं. जागा संपली की नवीन लिहिलेलं कुठे जातं देवालाच माहीत.

तेव्हापासून माझा नियम असा की कार्ड आणलं की पहिल्याच दिवशी तपासायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर किंवा मॅकवर एफथ्री आहे. ते अख्खं कार्ड भरून लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. ६४ जीबीला तास-दीड तास लागतो, लावून जेवायला बसा. तपासणी कार्ड कोरं असतानाच करा. आणि विकत घेताना पक्कं बिल घ्या म्हणजे परत करताना बोलता येतं. मी आता पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून घेतो, समोर पाकीट फोडून बघता येतं म्हणून, फक्त तिथे गाडी घेऊन जायचा वेडेपणा करू नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा.

आता ॲप हलवूया

पहिली पद्धत, साधी. कार्ड नेहमीसारखंच राहतं, एकेक ॲप उचलून तिकडे टाकायचं. सॅमसंगच्या कार्डवाल्या फोनांत ही असते, अजूनही काहींत सापडते. सेटिंग्ज, ॲप्स, हवं ते ॲप, त्यात स्टोरेज. वर 'इंटर्नल स्टोरेज' लिहिलेलं असेल आणि त्याच्याजवळ 'चेंज' असं बटण असेल तर नशीब चांगलं. ते दाबा, एसडी कार्ड निवडा, 'मूव्ह' करा आणि संपेपर्यंत फोन खाली ठेवा. 'चेंज' दिसतच नसेल तर दोनच कारणं, एक तर फोनच्या कंपनीने ही सोय काढून टाकलीये (नवीन फोनांत बऱ्याच जणांनी काढलीये) किंवा त्या ॲपवाल्यानेच परवानगी दिलेली नाही. दोन-चार वेगवेगळ्या ॲप्समध्ये बघा, एखाद्यात दिसलं तर पहिलं कारण बाद.

ही परवानगी कोण देतं, तर ॲप बनवणारा. अँड्रॉइडमध्ये २०१० साली, २.२ आवृत्तीत, ॲप कार्डवर टाकायची सोय आली तेव्हापासून असं आहे की बनवणाऱ्याने स्पष्ट 'चालेल' लिहिलं नाही तर ॲप आतच राहतं. त्यामुळे व्हॉट्सॲप कार्डवर जात नाही म्हणून फोनला शिव्या देऊन उपयोग नाही.

ह्या पद्धतीत अख्खं ॲप जात नाही, काही भाग आतच राहतो. १८० एमबीचं ॲप हलवलं तर मामाच्या फोनमध्ये १२० सुटले. आणि ॲप अपडेट झालं की कधीकधी गुपचूप परत आत येऊन बसतं, म्हणून महिन्यातून एकदा डोकावा.

दुसरी पद्धत मोठी आहे आणि नीट समजल्याशिवाय करू नका. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं तेव्हा कार्डालाच फोनच्या आतल्या जागेचा भाग करून टाकायची सोय आली. म्हणजे माळा पाडून खोलीच मोठी केली म्हणा. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनांत आहे, सॅमसंग देत नाही. पायऱ्या अशा: कार्डातलं सगळं आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कारण पुढच्या एका टॅपमध्ये ते पुसलं जाणार आहे. मग सेटिंग्ज, स्टोरेज, एसडी कार्ड, वरचे तीन ठिपके, 'स्टोरेज सेटिंग्ज', त्यात 'फॉरमॅट ॲज इंटर्नल'. फोन कार्डाचा वेग मोजतो, आणि 'हे कार्ड हळू आहे' असं म्हणाला तर तिथेच मागे फिरा. तो उगाच बोलत नाही. वेग ठीक असेल तर पुढे विचारेल की फोटो-फायली आत्ता न्यायच्या का नंतर, वेळ असेल तर आत्ता म्हणा. त्यानंतर ॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन पहिल्या पद्धतीसारखंच 'चेंज', फक्त इथे ॲप त्याच्या डेटासकट जातं, म्हणून जागा खरोखर सुटते.

किंमत काय मोजायची? ते कार्ड आता एन्क्रिप्ट होतं, म्हणजे कुलूपबंद, आणि फक्त त्याच फोनमध्ये चालतं. काढून लॅपटॉपला लावलं तर 'फॉरमॅट करू का' विचारेल, आणि कुणीतरी घरातलं हो म्हणेल. फोन बिघडला तर त्याच्याबरोबर कार्डातलंही गेलं कारण किल्ली फोनच्या आत असते. आणि कार्ड मेलं तर त्यावरची ॲप्स आणि त्यांचा डेटा दोन्ही गेले. माझं मत विचाराल तर १६ किंवा ३२ जीबीचा फोन अजून दोन वर्षं ओढायचाय आणि कार्ड ए१ आहे, तरच करा. ज्यांच्या फोनमध्ये हा पर्याय नाही ते कॉम्प्युटरला जोडून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कमांड मारून जबरदस्तीने करतात. हौस असेल तर करा, पण मामाच्या फोनवर नको.

तिसरा मार्ग म्हणजे मधली पळवाट. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात (काही फोनांत बिल्ड नंबर 'सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन'च्या आत असतो). तिथे बरंच खाली 'फोर्स अलाऊ ॲप्स ऑन एक्स्टर्नल' आहे, ते चालू केलं की ॲपवाल्याने नाही म्हटलं असलं तरी 'चेंज' दिसायला लागतं, अर्थात फोनमध्ये मुळात ती सोय असेल तर. पण बँकांची काही ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडायलाच नकार देतात. म्हणून काम झालं की ते बंद करा. तिथल्या बाकी बटणांना हात लावू नका.

कोणती आतच ठेवायची

फोन चालू होतो तेव्हा कार्ड जरा उशिरा जोडलं जातं, आणि तोपर्यंत कार्डावरची ॲप्स फोनच्या लेखी नसतातच. आता विचार करा, अलार्मचं ॲप कार्डावर आहे आणि पहाटे फोन आपोआप रीस्टार्ट झाला. किंवा मराठी कीबोर्ड कार्डावर आहे. म्हणून अलार्म, कीबोर्ड, लाँचर (म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप), होम स्क्रीनवर ज्यांचे विजेट ठेवलेत ती, सतत मागे चालणारी आणि सिंक होणारी, ही सगळी आत. बँक आणि पेमेंटची तर हलवायचा विचारही नको. मेट्रोच्या तिकिटाचं किंवा पीएमपीएमएलचंही आतच ठेवा, बस समोर उभी असताना ॲप गोल गोल फिरत बसलं तर कंडक्टर थांबणार नाही.

हलवायची कोणती? गेम, परीक्षेच्या तयारीची, भाषा शिकायची, शॉपिंगची, वर्षातून चारदा लागणारी. म्हणजे उघडायला दोन सेकंद जास्त लागले तरी ज्याने काही अडणार नाही ती.

आणि खरं सांगू का, वर्षातून चारदा लागणारं ॲप हलवण्यापेक्षा काढून टाका. ते जिवावर येत असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'मध्ये 'ऑटोमॅटिकली आर्काइव्ह ॲप्स' चालू करा. नवीन ॲप घ्यायला जागा कमी पडली की फोन न वापरलेलं ॲप दुमडून ठेवतो, चिन्ह आणि तुमचा डेटा राहतो, टॅप केलं की परत उतरतं. गूगलच्या म्हणण्यानुसार ॲपची जवळपास ६० टक्के जागा ह्यात सुटते. ज्यांच्या फोनला कार्डाची खाच नाही त्यांना तर हाच मार्ग.

कार्ड काढताना

ॲप कार्डावर असताना कार्ड सरळ उपसू नका. आधी सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन 'अनमाउंट' किंवा 'इजेक्ट' करा, किंवा फोन बंद करा. दुसरं सिम घालायला ट्रे काढतो तेव्हा लोक हमखास हे विसरतात, कारण बऱ्याच फोनांत दुसरं सिम आणि कार्ड एकाच खाचेत बसतं, दोन्हीपैकी एकच. कार्ड घ्यायच्या आधीच ट्रे उघडून हे बघा, माझ्या मावशीने कार्ड आणलं आणि मग कळलं की त्यासाठी गावचं सिम काढावं लागेल.

फोटोंची दुसरी प्रत कुठेतरी असू द्या. कार्ड जातं तेव्हा कळवून जात नाही. गूगलचे फुकटचे १५ जीबी आहेत, पण १ जून २०२१ पासून फोटो त्यातच मोजले जातात आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही, त्यामुळे ते पटकन भरतात. महिन्यातून एकदा घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेले बरे.

मामाच्या फोनचं शेवटी काय झालं, तर व्हॉट्सॲप सातवरून दोन जीबीवर आलं, फोटो पाचचे पाच कार्डावर गेले, म्हणजे १० जीबी ह्या दोन्हींतच सुटले. त्यानंतर आम्ही सहा ॲप्स हलवली आणि त्यातून आले ७०० एमबी. पेमेंटचं ॲप आतच आहे, अपडेट झालं.

फोन बदलायच्या किंवा रीसेट करायच्या आधी मात्र हलवलेली ॲप्स त्याच 'चेंज' बटणाने परत आत आणा. कार्ड दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलं असेल तर तीन ठिपक्यांतून 'फॉरमॅट ॲज पोर्टेबल' करा, म्हणजे ते नवीन फोनमध्ये चालेल. त्यात कार्ड पुसलं जातं, त्यामुळे फोटो त्याच्याही आधी काढून घ्या.